डोक्याला हात लावायचा नाही

"कव्हय?" कधी, एवढंच तो म्हणाला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मी मेडिकलच्या काउंटरपाशी सलाइनच्या बाटल्या घ्यायला उभा होतो. माझी बायको शीतल बँकेत कामाला गेलेली, घरातलं सलाइन संपलेलं, आणि डोक्यावर सारखा फवारा मारत राहिलं नाही तर लावलेली मुळं सुकतात अशी भीती क्लिनिकवाल्यांनी घालून ठेवलेली. टोपी घालायला बंदी होती. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच ते सोललेलं, लाल ठिपक्यांनी भरलेलं डोकं घेऊन मी खाली उतरलो होतो, आणि नेमका हा भेटला. जगदीश. आमच्या गावचा, पिंपळनेरच्या अलीकडचा, आमच्याच गल्लीतला. जळगावात केळीच्या ट्रकांचं काहीतरी बघतो. त्याने माझं डोकं पाहिलं, सुजून बारीक झालेले डोळे पाहिले, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दुःख आलं जे आमच्याकडच्या माणसांच्या खिशात रुमालाबरोबर घडी घालून ठेवलेलंच असतं. आमच्याकडे पुरुषाचं डोकं असं दिसलं की आई गेली किंवा बाप गेला, तिसरा अर्थ सहसा नाही. माझी आई केव्हाच गेलेली. राहता राहिले आबा. "आबा कव्हय ग्यात रे भाऊ?" जगदीश म्हणाला. "माले कोनी सांगं बी नही." आणि मी मान हलवली.

दोन वाक्यं पुरली असती. आबा ठणठणीत आहेत. मी केस लावून घेतलेत. पहिलं वाक्य जिभेवर आलंही होतं, पण दुसऱ्याशिवाय ते उभं राहत नव्हतं, आणि दुसरं काही केल्या बाहेर पडेना. मेडिकलवाला ऐकत होता. त्याची बायको ऐकत होती. जगदीशने माझ्या डोक्याकडे आणखी निरखून पाहिलं, चुकचुकला, म्हणाला, "न्हावीनी भलतंच कापं रे," आणि हात वर केला. मी एकदम मागे सरलो. ते त्याला दुःखच वाटलं. "गंधमुक्ती कव्हय शे?" त्याने विचारलं. "कळवतो," मी म्हणालो. म्हणजे नुसती मान हलवून मी थांबलो नाही, आबांच्या दहाव्याचं आमंत्रणसुद्धा देऊन मोकळा झालो. पिशवी घेऊन जिना चढताना मला एकच काळजी होती, घामाची. घाम आला तर मुळं सैल होतात.

वर येऊन मी त्या तिरक्या खुर्चीत पडलो. आडवं झोपायचं नाही, पालथं तर नाहीच. उशा रचून अर्धवट बसल्यासारखं पडायचं, बाळंतिणीसारखं. जगदीशचा मला राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. त्याची मला कीव आली आणि किळस आली, आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या अख्ख्या गावाची आली. मेल्या माणसाशिवाय त्यांना जमता येत नाही. लग्नात भांडतील, निवडणुकीत डोकी फोडतील, पण कोणाच्या दारावर बसायचं म्हटलं की काम टाकून येतील, खाली मान घालून तासभर गप्प बसतील, आणि उठताना कांद्याचा भाव विचारतील. कोणाचं डोकं कशामुळे झालंय हे लांबून ओळखतात आणि त्यालाच माणूस ओळखणं म्हणतात. मी ह्यातून सुटून आलो होतो. मी जीवशास्त्र शिकवतो. डॉक्टर होऊ पाहणारी पोरं जिल्ह्याजिल्ह्यातून आमच्या क्लासला येतात, आणि हायवेवरच्या फलकावर क्लासच्या मालकाच्या शेजारी माझा चेहरा असतो. असायचा. गेल्या वर्षी मालकाने नवा फलक छापताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "गोपाल सर, पालकांना तरुण फॅकल्टी लागते हो. काही करता येईल का बघा." पोरं मला मागून धावपट्टी म्हणतात हे मला ठाऊक होतं. जळगावला विमान उतरो न उतरो, धावपट्टी रोज फळ्यासमोर उभी. असल्या पोरांसाठी मी केसाच्या मुळाची आकृती काढत होतो. आणि असल्या मालकासाठी डोकं कोरून घ्यायला निघालो, ह्यात कोण जास्त हलकट हे मी अजून ठरवलेलं नाही.

क्लिनिकमध्ये भिंतभर जोड्या होत्या. आधीचा आणि नंतरचा. आधीचा मनुष्य प्रत्येक फोटोत दुःखी, खालच्या उजेडात. नंतरचा हसरा, इस्त्रीच्या शर्टात. केसांबरोबर शर्टही लावून देत असावेत. समजावून सांगायला पुनम नावाची बाई होती, तिचा आवाज विमा विकणाऱ्यांचा असतो तसा मऊ. काय अपेक्षा ठेवायची ते तिने सांगितलं. दहा दिवस डोक्याला हात लावायचा नाही, कोणाला लावू द्यायचा नाही. खाली वाकायचं नाही, चपलेचा बंद बांधायलासुद्धा नाही. रक्त डोक्याकडे धावतं. उन्हात जायचं नाही. तिसऱ्याचौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांत उतरेल, पाणी येईल, घाबरायचं नाही. खपल्या धरतील, खाज सुटेल, घाबरायचं नाही. मग महिन्याभरात लावलेले बहुतेक केस गळून पडतील. तेव्हा तर मुळीच घाबरायचं नाही, मूळ आत असतं, तीनचार महिन्यांनी पुन्हा फुटतं, वर्षाने खरं काय ते दिसतं. म्हणजे एवढं सगळं करून माणूस आधी होता तसाच टकला होणार, आणि वर वर्षभर आशेवर राहणार. शेजारच्या खुर्चीत पाचोऱ्याचा एक नवरामुलगा मामाला घेऊन आला होता. मामा सारखा विचारत होता, "हळदीपर्यंत होईल ना?" मला हसू आलं, पण त्या पोराने माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड फिरवलं. तो माझ्यासारखाच दिसत होता. मग पुनम म्हणाली, "सर, घरात वयस्कर कोणी? आजारी वगैरे? नाही म्हणजे, आपल्याकडे केस द्यावे लागतात ना. आठव्या दिवशी असं काही झालं तर फार अडचण होते. महिनाभर तरी वस्तरा नको असतो." आबांना हिवाळ्यात खोकला लागतो, मागच्या थंडीत आठवडाभर साक्रीच्या दवाखान्यात होते. मी तिला म्हणालो, "तसं कोणी नाही." ती हसली आणि तिने तारीख दिली.

डोकं बधिर करायच्या सुया फार दुखतात, हे मात्र ती नीट बोलली नव्हती. सुई कवटीवर वाजते. त्यानंतर काही वाटत नाही, फक्त ऐकू येतं. मी पालथा, तोंड गादीच्या भोकात, समोर फरशी आणि डॉक्टरांचे निळे बूट. मागून एकेक मूळ उपटताना बारीक टिक असा आवाज येत होता, ओल्या जमिनीतून गवत उपटल्यासारखा. दोन मुली ती मुळं ताटलीत मांडत होत्या आणि त्यांच्या मैत्रिणीच्या सासूबद्दल बोलत होत्या. दुपारी मध्येच उठवून खिचडी दिली. मागचं डोकं रक्ताळलेलं, पुढचं अजून रिकामं, अशा अवस्थेत मी आणि त्या पाचोऱ्याच्या नवरदेवाने समोरासमोर बसून खिचडी खाल्ली. डोकं बधिर असताना मला सारखा आईचा दहावा आठवत होता. तेव्हाही मी असाच मान खाली घालून बसलो होतो, पांझरेच्या वाळूत, माझ्या शेजारी थोरला भाऊ प्रेमराजदादा, त्याच्या पलीकडे आबा. न्हाव्याने पाण्याचा हबका मारला आणि वस्तरा चालवला. माझे तेव्हाचे केस दाट होते, कपाळावर यायचे. ते वाळूत पडले आणि वाऱ्याने नदीकडे सरकत गेले. त्यानंतर ते कधी पूर्वीसारखे आले नाहीत. वस्तऱ्याने केस विरळ होत नाहीत हे मी दरवर्षी वर्गात सांगतो, आणि दरवर्षी मनात म्हणतो, माझे मात्र त्या दिवशी गेले. आईने नेले. असल्या अडाणी विचाराची मला लाज वाटते, पण तो जात नाही. न्हाव्याचं झाल्यावर आबा उठले आणि माझ्या उघड्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. नुसता ठेवला नाही, पुढून मागे, मागून पुढे फिरवत राहिले. तो हात खरखरीत होता आणि गार होता. माझं डोकं तोवर असं कोणी धरलं नव्हतं. मी बावीस वर्षांचा होतो आणि मला वाटलं, आता हा हात काढू नये.

जगदीश भेटला त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. स्क्रीनवर नाव बघत मी बसून राहिलो. पुन्हा आला. शीतल स्वयंपाकघरातून म्हणाली, "घ्या ना." मी म्हणालो, डोकं ठणकतंय. खरं म्हणजे दादाच्या आवाजाचाच मला कंटाळा आहे. पाणी किती, लाइट कधी, मका कसा, आणि मग, "कव्हय येशी?" शिवाय जगदीशने काही कळवलं असेल तर आता खुलासा करावा लागणार, आणि खुलासा म्हणजे ते दुसरं वाक्य. उद्या बघू, मी म्हटलं. फोन बंद करून ठेवला. आबा जिवंत होते, घरात बसले होते, चूक आपोआप मिटली असती. एखाद्या जिवंत माणसाला मेला म्हटल्याने तो काही मरत नाही, असं मी त्या तिरक्या खुर्चीत पडून स्वतःला समजावलं. मयुरीला आम्ही धुळ्याला तिच्या मावशीकडे ठेवलं होतं, बापाला असं बघू नये म्हणून. शीतल मुकाट फवारा मारत होती. ह्या सगळ्या प्रकाराबद्दल ती एकदाच बोलली होती, "मला तुमचं टक्कल कधी खुपलं नाही," आणि त्यावर मी, "तुला काय खुपतं," असं म्हणालो होतो. तेव्हापासून ती नुसता फवारा मारते.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. जेवणवेळेच्या सुमाराला बेल वाजली आणि तिने दार उघडलं. मी हॉलमध्येच होतो, दाराच्या आडबाजूला. आबांचा आवाज आधी आला नाही, पिशवी पडल्याचा आला. मग मला ते दिसले. उंबऱ्यातच खाली बसले होते, एक हात चौकटीला, आणि शीतलकडे बघत होते. असं बघणं मी कोणाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. "बेटा," ते म्हणाले, "तू शे?"

"आबा! काय झालं? अहो, उठा आधी."

"काही नही. काही नही व्हयनं." त्यांनी तिचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. "मयुरी?"

"धुळ्याला आहे, मावशीकडे. आत्ताच बोलले तिच्याशी."

"बोलनी ती? तिना तोंडे बोलनी?"

"हो आबा. भांडत होती टीव्हीवरून."

मग ते रडायला लागले. आवाज नाही, फक्त खांदे. मला तेव्हा कळलं. गावात बातमी पोचली की गोपालने डोकं केलं, डोळे सुजलेत. आबांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, आपण मेलेलो नाही. मग गोपालने डोकं कोणासाठी केलं? आई नाही, बाप नाही, तर बायको. नाहीतर त्याहून वाईट. आणि फोन उचलत नाही, शीतलचा लावून बघायची हिंमत होत नाही. एवढा हिशेब करून हा म्हातारा पहाटेच्या एस्टीने निघाला, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, सगळा रस्ता सुनेचं मरण उरावर घेऊन बसला. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी पांढरी टोपी बाहेर आली होती. गंधमुक्तीला घरच्या मोठ्याने द्यायची टोपी. ती त्यांनी माझ्यासाठी आणली होती.

मी उठलो. त्यांनी मला पाहिलं, चौकट धरून उभे राहिले आणि माझ्याकडे आले. त्यांचा हात वर झाला. तोच हात, नखांत काळं, बोटं वाकडी झालेली. तो माझ्या डोक्याकडे येत होता आणि मी किंचाळलो, "आबा, हात नको लाऊ!"

शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं इतक्या मोठ्याने. आबांचा हात होता तिथेच थांबला. मग त्यांनी तो सावकाश खाली घेतला आणि कोटाच्या खिशात घातला, चुकून दुसऱ्याच्या वस्तूला लागल्यासारखा. मी सांगायला पाहिजे होतं, पण सांगितलं शीतलने. आबांसमोर पाण्याचा तांब्या ठेवून, ताठ उभी राहून, माझ्याकडे न बघता. "कोणी गेलं नाही आबा. ह्यांनी केस लावून घेतलेत. मागचे काढून पुढे लावतात. म्हणून डोकं असं." तिच्या बोलण्यात जो तिरस्कार होता तो मला माझ्याहून सरस वाटला. मी सगळ्या जगाला तुच्छ लेखतो, पण मला ते असं साधेपणाने कधी जमलेलं नाही.

आबांनी थोडा विचार केला. "कांदाना रोपनागत?"

"हो, तसंच."

"लागतीन?"

"लागतील म्हणतात."

"मंग बरं शे," आबा म्हणाले आणि पाणी प्यायले. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी शिवी दिली असती तर मला उलट बोलता आलं असतं. अडाणीपणा, रूढी, माझं डोकं माझं आहे, सगळं तयार होतं. ते मात्र जेवायला बसले. जेवताना त्यांना हसू फुटलं. जगदीशने त्याच्या आईला, भिकुबाईला, फोन केला. ती ऊर बडवत आमच्या घरात शिरली तेव्हा आबा दुधात भाकर चुरत होते. "माले दखं तरी तिनं रडनं थांबेच ना," ते शीतलला सांगत होते. "मी म्हनं, अक्का, मी जित्ता शे, बस, दूध ले. ती म्हने, आते रडू उनं ते पुरं करू दे." शीतल हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग आबा माझ्याकडे न बघता, ताटातलं भरीत निवडत म्हणाले, "जगदीश सांगे, तू मान हालाडी. आबा ग्यात का इचारं तं मान हालाडी. मी म्हनं, पोर दुःखमा शे. दुःखमा माणूस कशाले बी मान हालाडस."

शीतलने माझ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. सूज डोळ्यांत उतरली होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते सुजेचं होतं. पुनमने सांगितलेलंच होतं, पाणी येईल, घाबरायचं नाही. मला वाटलं, ह्या माणसाने माझ्या खोट्याला रस्ताभर चांगलं नाव देऊन सांभाळून आणलं आणि इथे येऊन माझ्याच घरात ते उघडं करून ठेवलं, आवाजही न चढवता. मला त्यांचा राग आला. फार राग आला. आणि पहिल्यांदा मला तो बरोबरीच्या माणसाचा वाटला नाही. मी त्यांच्या खूप खाली कुठेतरी होतो.

जेवण होताच ते निघाले. रात्री राहा म्हणून शीतलने दोनदा सांगितलं, पण ढोरांचं कारण त्यांनी पुढे केलं. दुखवट्याची टोपी कोणी न मेलेल्या घरात ठेवायची नाही, म्हणून ती वर्तमानपत्रातून काढली, उलटसुलट बघितली, आणि आपली जुनी मळकी टोपी पिशवीत टाकून ती नवी स्वतःच्या डोक्यावर घातली. "वाया कशाले," म्हणाले. आम्ही दोघं रिक्षापर्यंत खाली गेलो. मी भिंतीच्या सावलीत उभा राहिलो, कारण ऊन चालत नव्हतं. आबा शीतलशी बोलले, मयुरीला गावी पाठव म्हणाले, आणि मग माझ्यापाशी आले. हात खिशातच होता.

"गोपाल," ते म्हणाले, "दख. मना नावनं एकदाव डोकं करं तू. ते हुई गयं. आते जवय मी जासू तवय परत करानी गरज नही. प्रेमराज शे. केस राहू दे."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते मला मोकळं करत होते. मी केस लावून घेतलेत, ते लागायला हवेत, एवढाच त्यात भाव होता. आणि त्या मोकळं करण्यात मी त्यांच्या दहाव्यातून, त्या वाळूतून, दादाच्या शेजारच्या जागेवरून कायमचा उठवला गेलो होतो. मला म्हणायचं होतं, नाही आबा, मी देईन केस, हेच देईन. तोंड उघडलं. पण आधी मनात आलं ते हे, की महिन्याभरानंतर काही झालं तर वस्तरा चालेल, तोवर नको. तोवर ह्यांना काही होऊ नये. बापाच्या आयुष्यासाठी मी जी प्रार्थना केली ती अशी होती, आणि ती ऐकून मला माझी इतकी शिसारी आली की मी उघडलेलं तोंड मिटलं.

त्यांनी हात खिशातून काढला. माझ्या डोक्यापासून हातभर उंच धरला आणि तिथेच, हवेत, पुढून मागे, मागून पुढे फिरवला. एकाही केसाला लागू दिला नाही. मग रिक्षाकडे वळण्याआधी क्षणभर थांबले. आमच्याकडे निघताना पोरगा पाया पडतो, तेवढा वेळ बाप थांबतो. शीतल वाकली. मी त्यांच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे बघत होतो. दहा दिवस वाकायचं नव्हतं. मी ताठ उभा राहिलो.